मागच्या खोलीतली शांतता

आधी ती कानातली बुचं काढ बघू. हो, तुलाच म्हणतोय. गोष्ट ऐकायची तर दोन्ही कान मोकळे पाहिजेत, नाहीतर सरळ घरी जाऊन झोप. आणि जिन्यातला दिवा राहू दे चालू. मला अंधाराचं काही नाही, पण तुमच्यातलं कोणीतरी मध्येच उठून पळणार, पायरी चुकणार, आणि मग तुमच्या आया मला धारेवर धरणार.

भुताची गोष्ट सांगा म्हणता. मला भुतांतलं काही कळत नाही. मी सुतार माणूस, दारं-खिडक्या करण्यात जन्म गेला. पण एक प्रकार मी स्वतः बघितला. माझ्या मित्राच्या घरी. तो आहे अजून, वहिनीही आहेत, म्हणून नाव सांगत नाही. आम्ही सगळे त्याला झाकण्या म्हणायचो, तुम्हीही तेच म्हणा.

झाकण्या का, तर तो डब्यांची झाकणं करायच्या कारखान्यात होता. प्रेसवर. पत्र्याची पट्टी पुढं सरकवायची, पायानं पेडल दाबायचं, धाड! एक झाकण. परत सरकवायची, परत धाड. अशा दहा-बारा प्रेस एका छपराखाली. तिथं बोलणं म्हणजे नुसते हातवारे. कानावर घालायची जाड कव्हरं खिळ्याला टांगलेली असायची, पण साहेब फेरीवर आले की घालायची आणि साहेब वळले की काढायची. घाम यायचा म्हणे त्यांच्यात. वीस-बावीस वर्षं असं चाललं.

मग एका संध्याकाळी घरी पेपर वाचता वाचता तो वहिनींना म्हणाला, "अगं, कुकर बंद कर की. किती वेळ शिटी वाजतेय."

वहिनी म्हणाल्या, "कुकर कुठं लावलाय? अजून भाजी चिरतेय मी."

ती शिटी मग थांबलीच नाही. बारीक, तीक्ष्ण, एका सुरात. दिवसा कामात जरा मागं पडायची. रात्री दिवा मालवला, की डोक्याच्या मधोमध. कधी तिच्यात रातकिड्यासारखी किरकिर मिसळायची, कधी ताणलेली तार कोणी घासतंय असं व्हायचं. झोप उडाली. चिडचिड सुरू झाली. सांगायचं कोणाला? ताप असला तर दिसतो, पाय मोडला तर प्लास्टर दिसतं. हे दुसऱ्या कोणाला ऐकूच येत नाही. कारखान्यातले म्हणाले, नाटकं करतोय. त्याचा भाऊ म्हणाला, मनाचे खेळ आहेत. मीसुद्धा एकदा बोलून गेलो, "अरे, लक्ष देऊ नकोस तिकडं." त्यानं माझ्याकडं असं काही बघितलं, की पुन्हा ते वाक्य मी तोंडातून काढलं नाही.

वहिनी मात्र एकदाही तसं म्हणाल्या नाहीत. त्यांनी त्याला कानाच्या डॉक्टरांकडं नेलं. त्या डॉक्टरीणबाई शांतपणे समजावून सांगणाऱ्या होत्या. कान तपासले, काचेच्या खोलीत बसवून मशीन लावलं. म्हणाल्या, याला टिनिटस म्हणतात. गोंगाटानं कानाच्या आतल्या केसासारख्या बारीक पेशी कामातून गेल्या, आणि जे ऐकू येत नाही त्याच्या जागी मेंदू स्वतःच आवाज करत बसतो.

काय म्हणालीस? गोळी? तेच वहिनींनीही विचारलं. तो आवाज पुसून टाकणारी गोळी नाही म्हणाल्या. पण माणूस त्याच्यासोबत चांगला जगू शकतो. एकदम चिडीचूप जागी बसायचं नाही, आसपास काहीतरी हलका आवाज राहू द्यायचा. वेळेवर झोपायचं. कारखान्यात ती कव्हरं घालायचीच. आणि घरच्यांनी खोटं समजायचं नाही.

त्या दिवसापासून वहिनींनी रात्रभर पंखा चालू ठेवला. कडाक्याच्या थंडीतसुद्धा. स्वेटर, पायात मोजे, डोक्याला स्कार्फ, वर दोन पांघरुणं, आणि डोक्यावर पंखा गरगर फिरतोय! मी चेष्टा केली, "वहिनी, बर्फात निघालात की काय?" तर म्हणाल्या, "भावोजी, यांना झोप लागली की मला ऊब येते." रोज सकाळी चहा देताना त्या त्याला विचारायच्या, "आज कितीवर आहे?" रेडिओचा आवाज विचारावा तसं. तो म्हणायचा, चारवर. कधी म्हणायचा, आज आठवर. आठवर असला की त्या दिवशी त्या पाहुणे टाळायच्या, भांडी हळू ठेवायच्या, त्याच्या बऱ्या कानाच्या बाजूला बसून बोलायच्या. बस, एवढंच. पण त्याच्यावर तो माणूस तरला होता.

आता मूळ गोष्ट. वहिनींच्या भावानं डोकं चालवलं. म्हणाला, तुमचं घर भर रस्त्यावर, खाली गॅरेज, वरती दंगा करणारी ती पोरं. शांत घर बघू, आपोआप बरं वाटेल. डॉक्टरीणबाईंना विचारायचं कोणाच्या डोक्यात आलं नाही. गावाबाहेर जाणाऱ्या रस्त्याला शेवटचं घर भाड्यानं मिळालं. जुनंपुराणं नाही हो, चांगलं सिमेंटचं, बैठं. पुढं बैठकीची खोली, मग झोपायची, मग स्वयंपाकघर. स्वयंपाकघराच्या मागं एक बोळकंडी, आणि तिच्या टोकाला सामानाची खोली. बिनखिडकीची. रविवारी सकाळी आम्ही टेम्पोतून सामान नेलं. कपाट, पलंग, भांड्यांची खोकी. छान ऊन पडलं होतं. घराला नव्या रंगाचा वास होता. वहिनी सांगत होत्या, हे इथं ठेवा, ते तिथं ठेवा, आणि मी आणि झाकण्या हमालासारखे घामाघूम.

शेवटची दोन खोकी तो मागच्या खोलीत ठेवायला गेला. बराच वेळ आला नाही. मी पाणी पीत ओट्याला टेकून उभा होतो. मग तो बोळकंडीतून आला. हळूहळू, सांडेल असं काहीतरी हातात असल्यासारखा. डोळ्यांतून घळाघळा पाणी.

मी म्हटलं, "काय रे, पायावर पाडलंस का खोकं?"

तो म्हणाला, "बंद झाली."

"काय?"

"शिटी. त्या खोलीत गेलो आणि बंद झाली, मिस्त्री. एकदम बंद. बाहेर पाऊल टाकलं, परत सुरू." तो मागं वळून परत गेला, परत आला. दोन-तीनदा. लहान पोरासारखा हसत होता. "उंबरठ्याच्या आत नाही. बाहेर आहे."

वहिनींनी त्याचा हात दोन्ही हातांत धरला. त्यांनाही रडू फुटलं. आणि मी? मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू. म्हटलं, चला, पोराला एक जागा मिळाली.

आधी तो रोज संध्याकाळी थोडा वेळ बसायचा तिथं. प्लॅस्टिकची खुर्ची नेली होती. बाहेर आला की चेहरा धुतल्यासारखा. वहिनींनी डॉक्टरीणबाईंना फोन करून सांगितलं. डॉक्टरीणबाईंना नवल वाटलं. म्हणाल्या, असं सहसा होत नाही, शांततेत तो आवाज उलट वाढतो. थांबतोय तर बरंच आहे, पण त्यांना तिथं लपून बसायची सवय लागू देऊ नका. नाहीतर बाहेरचं सगळं त्यांना टोचायला लागेल.

तसंच झालं. अर्ध्या तासाचे दोन तास झाले. मग तो जेवणाचं ताट आत न्यायला लागला. मग एक दिवस गादी नेली. कामावरून आला की बूट काढायचे आणि थेट मागं. बाहेर आला की कपाळाला आठ्या, कान दाबून धरलेले, कधी एकदा आत जातो असं. आत शिटी नाही म्हणून बाहेरची शिटी दुप्पट झाली होती. आणि बाहेरची दुप्पट झाली म्हणून आत जाणं आलं. सांगा, माणसानं सुटायचं कसं?

मी एकदा गेलो भेटायला. वहिनींनी मला स्वयंपाकघरात बसवलं, दार लोटलं आणि हळू आवाजात म्हणाल्या, "भावोजी, तुम्हाला हसू येईल. पण ती खोली मला आवडत नाही."

"का?"

"काल आत स्टीलचं ताट पडलं माझ्या हातून. फरशीवर. पायाच्या तळव्यांना त्याची थरथर लागली. पण आवाज आला नाही."

मी म्हटलं, "गादीवर पडलं असेल."

"फरशीवर," त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, "आणि आता बाहेरसुद्धा त्यांना कमी ऐकू येतं. पंख्याचा आवाज येत नाही म्हणाले परवा. फोन वाजलेला कळत नाही. काल मी दोनदा हाक मारली, समोर उभी राहून. म्हणाले, तू काही बोललीस का?"

"मग डॉक्टरांकडं..."

"येत नाहीत. म्हणतात, मला बरं वाटतंय ना, मग तू का मागं लागलीयस? रात्री मी दाराला कान लावून उभी राहते. श्वास तरी ऐकू येतोय का बघते. घोरायचे हो ते... आता आतून काहीच येत नाही."

तेवढ्यात झाकण्या पाणी प्यायला बाहेर आला. मी म्हटलं, "काय राव, भेटायला आलोय मी, आणि तू भुयारात?"

तो माझ्या ओठांकडं बघत होता. कारखान्यात बघायचा तसा. मग हसला.

"एकटा काय करतोस आत?" मी जरा मोठ्यानं विचारलं.

"एकटं नाही वाटत," तो म्हणाला. अगदी साधेपणानं. "कोणीतरी घेतं माझ्याकडून. ओझं नाही का आपण कोणाच्या हातात देतो, तसं. मी नुसता बसतो... ते ऐकतं."

"कोण ऐकतं?"

त्याला तो प्रश्न ऐकू आला नाही, का ऐकून सोडून दिला, कोण जाणे. पेला उपडा ठेवला आणि गेला. वहिनी माझ्याकडं बघत राहिल्या. मी घरी आलो.

आता ती रात्र. डिसेंबरातला गुरुवार. पौर्णिमा दोन दिवसांवर, त्यामुळं बाहेर लख्ख चांदणं. फोन वाजला तेव्हा एक वाजून वीस मिनिटं झाली होती. मी घड्याळ बघितलं, कारण अशा वेळी फोन आला की माणूस आधी घड्याळच बघतो. वहिनी होत्या.

"भावोजी, हत्यारं घेऊन या. दार उघडत नाहीये."

त्या मागच्या खोलीला आतून कडी नव्हती. सामानाच्या खोलीला आतून कडी कशाला कोण लावेल? कडी फक्त बाहेरून, आणि ती उघडीच होती. तरी दार हलत नव्हतं. तो संध्याकाळी सात वाजता आत गेला होता.

मी मोटरसायकल काढली. रस्त्यावर कुत्रंही नव्हतं. त्यांच्या घराच्या सगळ्या खोल्यांत दिवे. वहिनींनी पंखे लावले होते, नळ सोडला होता, रेडिओ लावला होता. मी बघितलं तशा म्हणाल्या, "मला शांत सहन होईना."

बोळकंडीत गेलो. दार ओढलं. जागचं हललं नाही. पण अडकलेलं दार कसं असतं मला माहीत आहे. ते कुठंतरी अडतं. वर, खाली, कडेला. हे कुठंच अडलं नव्हतं. हे दार... धरलेलं होतं.

मी हाका मारल्या. थापा मारल्या. काही नाही.

बिजागऱ्या बाहेरच्या बाजूला होत्या, तेवढं नशीब. वहिनींनी बॅटरी धरली. मी वरच्या बिजागरीच्या खिळीखाली छिन्नी लावली आणि हातोडी मारली. ठण्ण. ठण्ण. खिळी वर आली. मधली काढली. ठण्ण. मग खालची. पहिला घाव, ठण्ण. दुसरा घाव...

हातोडी बसली. हाताला झटका बसला. आवाज आला नाही.

मी थांबलो. वाटलं, कान बसले. मागं वळून वहिनींना म्हटलं, "ऐकलंत का?" माझे ओठ हलले. मला माझं बोलणं ऐकू आलं नाही.

पाठीमागं पंखा फिरत होता, नळ वाहत होता. सगळं दिसत होतं. ऐकू काहीच येत नव्हतं.

पाचावर धारण बसली माझी. पण वहिनींनी मान हलवली. काढा, म्हणून. मी खिळी उपटली. दार कडेनं सुटलं. दोघांनी मिळून उचललं, बाजूच्या भिंतीला टेकवलं.

आत अंधार. मी वहिनींकडून बॅटरी घेतली, तिचा गोल फिरला. गादी. उष्टं ताट. खुर्ची.

झाकण्या खुर्चीवर बसला होता. आमच्याकडं पाठ. समोरच्या कोपऱ्याकडं तोंड. मान जरा तिरकी.

तो बोलत होता. हनुवटी हलत होती. मग थांबायचा. मान डोलवायचा. परत बोलायचा. समोर कोणी बसल्यावर बोलतो तसा.

कोपऱ्यात कोणी नव्हतं. भिंत होती.

वहिनी आत गेल्या. एक क्षणही थबकल्या नाहीत. मी... मी उंबरठ्यावरच राहिलो. त्यांनी त्याच्या खांद्याला धरलं. हलवलं. त्यानं मागं बघितलं नाही. त्यांनी तोंड उघडलं. पूर्ण ताकदीनं. गळ्याच्या शिरा ताणल्या होत्या, मला बॅटरीत दिसत होतं. नवऱ्याला नावानं हाक मारताना मी वहिनींना पहिल्यांदाच बघितलं. बघितलं म्हणतोय... ऐकलं नाही.

त्यांनी परत हाक मारली. परत.

काही नाही.

तो बोलत होता. कोपऱ्याशी.

मग त्या त्याच्या पुढ्यात गेल्या. त्याच्या आणि कोपऱ्याच्या मध्ये. गुडघ्यावर बसल्या. मला वाटलं, मागून आता काहीतरी त्यांच्यावर... जाऊ दे. त्यांनी त्याचा उजवा हात उचलला आणि स्वतःच्या गळ्यावर ठेवला. इथं. घाटीवर. आणि ओरडल्या.

त्याच्या हाताला ते लागलं असणार. ती थरथर.

त्याचं बोलणं थांबलं.

तो आधी हाताकडं बघत राहिला. मग वहिनींच्या तोंडाकडं. त्यांचं तोंड उघडं होतं, डोळ्यांतून पाणी वाहत होतं. आणि त्याला कळलं. मला बोळकंडीतून त्याचा चेहरा अर्धाच दिसत होता, पण कळलं ते दिसलं. ही किंचाळतेय. माझ्यासमोर किंचाळतेय आणि मला ऐकू येत नाहीये.

तो उठला.

वहिनींनी हात धरून ओढलं. दोन पावलं आला. आणि थांबला. त्याचा डावा हात मागं राहिला होता. शर्टाची बाही ताणलेली. घट्ट. सरळ रेषेत, त्या कोपऱ्याकडं.

बाही कशाला अडकली नव्हती.

वहिनींनी ओढलं. बाही आणखी ताणली. मी बॅटरी खाली ठेवली, चौकटीला एका हातानं धरलं, दुसरा हात आत घातला. फक्त हात. वहिनींचं मनगट सापडलं. ओढलं. जिवाच्या आकांतानं ओढलं...

आणि मग आवाज आला.

त्या कोपऱ्यातून. बारीक. तीक्ष्ण. एका सुरात. अंगावर काटा आणणारी शिटी. मला ऐकू आली. माझ्या कानांनी. वाढत गेली. दातांत घुसली. कवटी फुटेल असं वाटलं. वहिनींनी डोकं खांद्यात दाबून धरलं होतं. आणि त्या शिटीत झाकण्याचा आवाज आला, कितीतरी दिवसांनी मोकळा.

"हीच," तो ओरडत होता. "हीच ती. तुला येतेय ऐकू?"

वहिनी त्याच्याकडं बघत होत्या.

"एवढी?" त्या म्हणाल्या. "एवढी मोठी? रोज?"

त्यानं मान हलवली.

बाही सुटली. आम्ही तिघं बोळकंडीत एकमेकांवर पडलो. शिटी उंबरठ्यापर्यंत आली... आणि थांबली. आमच्यापुरती थांबली. झाकण्यानं दोन्ही कानांवर हात दाबले आणि कळवळला. ती परत त्याच्यात गेली होती.

मग नळ ऐकू आला. पंखा ऐकू आला. रेडिओवर कोणीतरी शेतमालाचे भाव सांगत होतं, रेकॉर्ड केलेलं. आयुष्यात मी भाव इतके मन लावून ऐकले नाहीत.

झाकण्या स्वयंपाकघरात फरशीवर बसून हसत होता, रडत होता. "दहावर आहे गं," म्हणत होता. "दहावर आहे. पण पंखा ऐकू येतोय." वहिनी त्याला धरून बसल्या होत्या. नुसतं त्याचं डोकं थोपटत राहिल्या, बाळाचं थोपटतात तसं.

त्या रात्री दोघं माझ्याकडं झोपले. परत त्या घरात गेले नाहीत. सामान मी आणि वहिनींच्या भावानं भर दुपारी काढलं.

बरा झाला का? नाही बाळा, ते बरं होत नाही. अजून वाजतं त्याला. पहिले काही महिने वाईट गेले. त्यानं प्रेस सोडली, पॅकिंगला गेला. डॉक्टरीणबाईंनी कानात घालायचं एक मशीन दिलं, त्यातून पावसासारखी बारीक सळसळ येत राहते. अशाच चार लोकांची ओळख करून दिली, महिन्यातून एकदा ते भेटतात, चहा पितात, एकमेकांच्या कानांना शिव्या घालतात. आता मुद्दाम भर बाजारात घर घेतलंय, खाली गिरणी आहे, दिवसभर घरघर. त्याला झोप लागते. परवा भेटला तेव्हा मी विचारलं, "कितीवर?" म्हणाला, "विसरलो होतो रे, तू आठवण करून दिलीस." आणि मला एक शिवी घातली. मला इतकं बरं वाटलं त्या शिवीनं.

कोण होतं तिथं? मला काय माहीत. घरमालकाला विचारलं. तो म्हणाला, ती खोली आम्ही कधी वापरलीच नाही. का, ते सांगितलं नाही. मी खोदून विचारलं नाही.

एवढंच. चला, उठा आता... नाही, थांबा. एक राहिलं. हे मी वहिनींना सांगितलेलं नाही, तुम्हीही कुठं बोलू नका.

आठवड्यानं मालकानं मला बोलावलं. म्हणाला, दार तुम्ही काढलंत, तुम्हीच बसवून द्या. बरोबर आहे म्हटलं. सकाळी दहाला गेलो, भर उन्हात. दार बोळकंडीतून अंगणात आणलं, आमच्या सुतारकामाच्या दोन लाकडी घोड्यांवर आडवं ठेवलं. बिजागऱ्या साफ करायच्या होत्या.

बाहेरची बाजू वर होती. त्या नव्या रंगावर, साधारण माझ्या खांद्याच्या उंचीला, एक तेलकट डाग. जवळून बघितलं तर कानाचा ठसा. पाळी, कड, सगळं. वहिनींचा. रोज रात्री तिथंच कान टेकून उभ्या राहायच्या बिचाऱ्या. केसांचं तेल लागलेलं. मी फडक्यानं पुसला. गेला.

मग दार उलटं केलं.

आतल्या बाजूला, बरोब्बर त्याच जागी... झाकण्या नाही. झाकण्या वहिनींपेक्षा वीतभर उंच आहे, आणि तो दारापाशी कधी उभाच राहायचा नाही...

त्याच जागी रंग नव्हता. सागवानी लाकडाला खळगा पडला होता. कानाएवढा. पाळीसकट. रंधा मारून, पॉलिश पेपर घासून, वर्षानुवर्षं हात फिरवून होतं ना, तसा गुळगुळीत.

मी त्यात अंगठा घातला.

लाकूड गरम होतं.